व्यसनमुक्ति : शास्त्र काय सांगतें

गळ्यांत माळ पडली कीं मद्यमांस सुटलें, असा आपल्या संप्रदायाचा दंडक आहे. तो दंडक योग्य कीं अयोग्य हा प्रश्न या पाठाचा नाहींच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याला वीस वर्षें रोज दारू लागते असा मनुष्य माळ घालावयास येतो, त्याच्या शरीरांत त्या दिवसापासून काय घडतें? आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तोच पुन्हां गुत्त्याच्या दारांत दिसला, तर त्याचा अर्थ आपण काय करावयाचा? माळेचा अपमान केला म्हणून त्याला दिंडींतून काढावयाचें, कीं आणखी कांहीं? गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत देशोदेशींच्या विद्यापीठांतून या विषयावर फार मोठें संशोधन झालें आहे. तें इंग्रजी नियतकालिकांत राहतें, आमच्या फडापर्यंत पोंचत नाहीं. त्यांतलें जें आपल्या रोजच्या कामाचें, तेवढें येथें मांडतों.

आरंभ शब्दापासून करूं, कारण शब्दांतच निम्मा विषय आहे. 'अस्' म्हणजे फेकणें, त्याला 'वि' हा उपसर्ग. मनुष्याला त्याच्या हितापासून दूर भिरकावून देतें तें व्यसन. कौटिल्यानें अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण सबंध या एका विषयाला दिलें आहे. त्यांत राजाचीं कामापासून उपजणारीं चार व्यसनें सांगितलीं : मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्य. पण त्याच अधिकरणांत दुष्काळ, पूर, अग्नि, रोगाची साथ यांनाही तो व्यसनच म्हणतो! म्हणजे संस्कृतांत एकच शब्द मनुष्याच्या दोषालाही आहे आणि मनुष्यावर कोसळणाऱ्या संकटालाही आहे. आज पंडितांत जो वाद चालतो, कीं व्यसन हें पाप कीं रोग, तो या एका शब्दांत पूर्वींच येऊन बसलेला आहे. व्यसनी मनुष्य दोषी आहे कां? आहे. संकटांत सांपडलेला आहे कां? तोही आहे. दोन्ही गोष्टी एका वेळीं खऱ्या असूं शकतात, हें आधीं ध्यानांत घ्यावें. पुढचें सगळें त्यावर उभें आहे.

आतां मन आणि मेंदू यांचें पाहूं. १९५४ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांत ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनीं उंदराच्या मेंदूंत एका विशिष्ट जागीं बारीक तार बसविली. उंदरानें दांडी दाबली कीं तेथें विजेचा अगदीं सौम्य झटका बसे. उंदीर ती दांडी पुन्हां पुन्हां, शेंकडों वेळां दाबीत राहिले. मेंदूंत 'हें पुन्हां कर' असें सांगणारी एक यंत्रणा आहे, हें त्यावरून कळलें. अन्न, पाणी, अपत्य यांकडे प्राण्याला ओढणारी हीच यंत्रणा. दारू, अफू, तंबाखू, गर्द हीं सगळीं निरनिराळ्या वाटांनीं येऊन शेवटीं त्याच यंत्रणेला हात घालतात.

पुष्कळ दिवस अशी समजूत होती कीं ही यंत्रणा सुखाची आहे. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या रॉबिन्सन आणि बेरिज या दोघां संशोधकांनीं या समजुतीला छेद दिला. त्यांचें म्हणणें असें कीं हवेंसें वाटणें वेगळें आणि आवडणें वेगळें. मेंदूंत दोहोंच्या वाटा निरनिराळ्या आहेत. व्यसन मुरत जातें तसतशी ओढ वाढते, पण सुख वाढत नाहीं. उलट तें कमीच होत जातें. जुन्या दारुड्याला विचारून पाहा. तो सांगेल, "महाराज, आतां मजा कांहीं येत नाहीं, पण राहवतही नाहीं." लोक म्हणतात, खोटें बोलतो. अहो, तो खरें बोलतो! तृष्णा आणि सुख यांचा संबंध तुटलेला आहे आणि एकटी तृष्णा उरली आहे. आमच्या शास्त्रकारांना तृष्णेची ओळख होतीच. तिला मेंदूंत स्वतंत्र जागा आहे, एवढें मात्र प्रयोगशाळेनें दाखविलें.

ही ओढ एकटी फिरत नसते. ती जागेला, माणसाला, वेळेला चिकटून राहते. पगाराचा दिवस, अमुक चौक, अमुक सोबती, ग्लासाचा आवाज, नुसता वास. एवढ्यानेंही ती उठते. येथें व्हिएतनाम युद्धांतल्या एका अभ्यासाचें उदाहरण द्यावेंसें वाटतें, कारण या विषयांतलें इतकें चकित करणारें दुसरें काम माझ्या वाचनांत नाहीं. तेथें लढणाऱ्या अमेरिकन शिपायांत अफूपासून काढलेल्या हेरॉईनचें व्यसन फार माजलें होतें. १९७१ सालीं तिकडच्या सरकारला धाक पडला कीं हे सगळे व्यसनी घरीं परतले तर काय होईल? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठांतील ली रॉबिन्स या विदुषींवर अभ्यासाचें काम सोंपविलें. परत आलेल्या सुमारें ९०० शिपायांना त्यांच्या माणसांनीं घरोघर गांठून विचारलें आणि लघवीही तपासली. जवळजवळ निम्म्या शिपायांनीं तेथें अफूच्या जातीचें कांहीं ना कांहीं घेतलें होतें; शेंकडा २० तर स्वतःला व्यसनी म्हणवीत होते. आतां या व्यसन्यांपैकीं घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत पुन्हां व्यसनांत पडले किती? शेंकडा सुमारें ५. तीन वर्षें धरलीं तरी शेंकडा १२ च्या आसपास.

लोकांचा यावर विश्वास बसेना. हेरॉईन एकदां लागलें कीं सुटत नाहीं, अशी तोंवर सर्वांची खात्री होती. मग हे सुटले कसे? निघण्यापूर्वीं तपासणींत लघवी स्वच्छ लागल्याशिवाय विमानांत बसवीत नव्हते, हें एक कारण. पण मोठें कारण असें कीं जागा बदलली. युद्ध नाहीं, तो तळ नाहीं, ते सोबती नाहींत, माल सहज मिळत नाहीं. घर आहे, काम आहे, बायकामुलें आहेत. आतां याच्या उलट पाहा. आपला व्यसनी मनुष्य दवाखान्यांत महिनाभर राहून बरा होऊन येतो आणि एस. टी. तून उतरतो तो कोठें? त्याच चौकांत, त्याच टपरीपुढें, त्याच मित्रांत. शिपायाला जें वरदान मिळालें त्याच्या नेमकें विरुद्ध याच्या नशिबीं येतें.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅनडांतच ब्रूस अलेक्झांडर यांनीं उंदरांवर प्रयोग केला. एकट्या पिंजऱ्यांतले उंदीर मॉर्फीन घातलेलें पाणी अधिक पीत. ऐसपैस जागेंत, सोबत्यांबरोबर, खेळावयास मिळालेले उंदीर पुष्कळच कमी पीत. हा प्रयोग हल्लीं व्याख्यानांतून फार सांगितला जातो. पण पुढें इतरांनीं तो करून पाहिला तेव्हां कांहींना तसाच अनुभव आला, कांहींना नाहीं. म्हणून त्यावर फार भार टाकूं नये. शिपायांचें उदाहरण माणसांचें आहे, तें पुरे आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. ही प्रत्येक दिंडीचालकानें, विणेकऱ्यानें आणि घरच्या बाईमाणसांनीं लक्ष देऊन वाचावी, कारण येथें जिवाचा प्रश्न आहे.

समजा, एक गृहस्थ पंधरावीस वर्षें रोज भरपूर पिणारा आहे. आषाढी वारीच्या निमित्तानें त्याला उपरति झाली. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली त्या सकाळीं त्यानें माळ घातली आणि दारू एकदम बंद केली. सगळ्यांना आनंद झाला. संध्याकाळीं पुण्याच्या मुक्कामीं त्याचे हात कांपूं लागले, घाम सुटला, झोंप येईना. दुसऱ्या दिवशीं ओकाऱ्या, छातींत धडधड. एखादे वेळीं मिरगी आल्याप्रमाणें झटका. तिसऱ्या दिवशीं पालखी दिवे घाट चढूं लागली आणि हा बरळूं लागला. अंगावर किडे चालतात म्हणतो, नसलेलीं माणसें दिसतात, दिवस कीं रात्र कळत नाहीं, अंग तापलेलें. लोक म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, अंगांत आलें. कोणी अंगारा लावतो, कोणी पाणी मारतो, कोणी म्हणतो थकला आहे, निजूं द्या.

सज्जनहो, ही बाधा नव्हे. या रोगाला पाश्चात्त्य वैद्यकांत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. कंपयुक्त उन्माद असा त्याचा अर्थ. यावर उपचार झाला नाहीं तर मनुष्य मरूं शकतो. दारू बंद केल्यावर सहा तासांपासून दिवसभरांत कंप सुरू होतो; झटके बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांत येतात; आणि हा उन्माद दोन ते चार दिवसांत. वर जी तिथि मोजून सांगितली ती याच हिशेबानें.

असें कां होतें? बैलगाडीचें उदाहरण घेऊं. दारू ही कासरा ओढणाऱ्या हातासारखी आहे. ती मेंदूला मागें खेंचते, मंद करते. वर्षानुवर्षें कोणी कासरा ओढीत राहिला तर बैल काय करतात? गाडी चालली पाहिजे म्हणून अधिक जोर लावूं लागतात. मेंदूही तेंच करतो. शांत करणारीं आपलीं द्रव्यें कमी जोमानें वापरतो आणि चेतविणारीं अधिक. त्यामुळेंच त्याला पूर्वींच्या दुप्पट दारू पचते आणि लोक म्हणतात कीं कसा धड चालतो बघा! मग एके दिवशीं कासरा एकदम सोडला. बैल उधळणार नाहींत तर काय होईल?

यावर उपाय आहे आणि तो साध्या सरकारी दवाखान्यांतही होतो. डॉक्टर डायझेपामच्या जातीचीं शामक औषधें पुरेशा मात्रेंत देतात आणि मग ती मात्रा कांहीं दिवसांत उतरवीत नेऊन बंद करतात; म्हणजे कासरा दुसऱ्या हातांत घेऊन हळूहळू सैल करतात. त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा पहिला प्रकार, टोंचून देतात. कारण दारुड्याच्या शरीरांत त्याचा दुष्काळ असतो, आणि त्याच्या अभावीं स्मरणशक्ति कायमची जाऊं शकते.

मला येथें चरकाची आठवण होते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत त्यांनीं सांगितलें आहे कीं जें अहितकर असूनही अंगवळणीं पडलें आहे तें शहाण्यानें एकदम टाकूं नये. चतुर्थांशाच्या क्रमानें, मध्यें एक, दोन, तीन दिवसांचें अंतर ठेवीत टाकावें. क्रमानें गेलेले दोष परत येत नाहींत, असेंही तेथें म्हटलें आहे. मात्र कोणी यावरून घरींच 'रोज एक घोट कमी' असा प्रयोग आरंभूं नये. कांपरें सुटलें कीं तो घोट कमी होत नाहीं, वाढतो. क्रम पाहिजे तो वैद्याच्या हातचा.

हेंही सांगितलें पाहिजे कीं असा प्राणघातक धोका दारूला आहे, तसा सगळ्या व्यसनांना नाहीं. गर्द-अफू सोडतांना हाल अतोनात होतात; हाडें दुखतात, जुलाब होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें; पण एरवीं धडधाकट असलेला मनुष्य त्यानें सहसा मरत नाहीं. तंबाखू सोडणाऱ्याची चिडचिड होते, झोंप बिघडते, भूक वाढते, एवढेंच. तेव्हां तंबाखू आजच्या आज टाकून द्यावयास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं!

तंबाखूचा विषय निघाला म्हणून थोडें स्पष्ट बोलतों. २०१६-१७ सालच्या सरकारी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत शेंकडा २६.६ प्रौढ माणसें तंबाखू सेवन करतात, आणि त्यांतलीं बहुतेक ती ओढीत नाहींत. खातात किंवा मिश्री म्हणून दांतांना लावतात. आम्ही माळकरी मंडळी दारूवाल्याकडे बोट दाखवितों आणि त्याच हाताच्या तळव्यावर चुना मळीत असतों. भजनाच्या मध्यंतरांत चंची उघडते ती कांहीं वैष्णवाचें लक्षण म्हणून नव्हे. तोंडाच्या कर्करोगाचें हें आपल्याकडील पहिलें कारण आहे. २०१२ सालीं महाराष्ट्र सरकारनें गुटख्यावर बंदी घातली, पण चंचीवर बंदी आपली आपणच घालावयाची आहे. असो.

दारू सोडविण्याच्या औषधांकडे वळूं. सर्वांत प्रसिद्ध औषध डायसल्फिराम. अँटाब्यूज या नांवानें तें आलें. त्याच्या शोधाची कथा गमतीची आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांत हाल्ड आणि याकोब्सेन हे दोघे संशोधक त्या द्रव्यानें पोटांतले जंत मरतात कीं काय हें पाहत होते. औषध निर्धोक आहे ना म्हणून त्यांनीं तें स्वतः घेतलें. पुढें मद्य घेतल्यावर चेहरे लाल झाले, छाती धडधडूं लागली, मळमळूं लागलें. जंत राहिले बाजूला. दारूचा द्वेष उत्पन्न करणारें द्रव्य हातीं लागलें! १९४८ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. दारू शरीरांत पचत असतां मध्यें एक विषारी द्रव्य तयार होतें आणि लगेच नाहीसें होतें. हें औषध त्याचें नाहीसें होणें थांबवितें, म्हणून त्रास होतो. जो मनुष्य समजून उमजून, रोज घरच्या माणसासमोर ही गोळी घेतो त्याला तिचा चांगला आधार होतो.

पण येथेंच एक अनर्थ घडतो. बाजारांत, यात्रेंत, भिंतीवरच्या जाहिरातींत 'न कळतां भाजींतून द्या, दारू सुटेल' अशा पुड्या विकतात. घरच्या बाया त्रासलेल्या असतात. त्या आणतात आणि कालवणांत घालतात. पुडींत काय आहे हें विकणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिराम असेल आणि तें पोटांत असतांना याला न कळतां हा पोटभर दारू प्याला, तर रक्तदाब एकदम पडून, हृदय दुबळें असेल तर प्राणही जाऊं शकतो. औषध थांबविल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवडे राहूं शकतो. माताभगिनींनो, तुमचें दुःख कळतें, पण ही पुडी घेऊं नका. ओढ कमी करणारीं नाल्ट्रेक्सोनसारखीं दुसरीं औषधेंही आतां आहेत. तीं डॉक्टरकडून, त्याच्या देखत, त्याच्या संमतीनें घ्यावीं.

अफू-गर्दाच्या व्यसन्याला दुसरी तऱ्हा लागते. न्यूयॉर्कचे डोल आणि त्यांच्या सहकारी न्यिस्वॅण्डर यांनीं १९६५ सालीं दाखविलें कीं मेथाडोन नांवाचें अफूच्याच जातीचें, पण सावकाश काम करणारें औषध रोज मोजून तोंडानें दिलें, तर मनुष्य चोऱ्या सोडून कामाला लागतो. आपल्या देशांत यासाठीं ब्युप्रेनॉर्फिन अधिक वापरतात. कित्येकांना हें विषावर विष वाटतें. पण रोज सुई टोंचून गटारांत पडणें आणि सकाळीं एक गोळी जिभेखालीं ठेवून कामावर जाणें, यांत फरक आहे कीं नाहीं, हें त्याच्या मुलांना विचारावें.

आतां पुन्हां पडण्याविषयीं. मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं एक तुलना मांडली. उपचार झालेल्या व्यसन्यांपैकीं वर्षभरांत शेंकडा ४० ते ६० पुन्हां घेऊं लागतात. ऐकून वाटतें, मग उपयोग काय? पण रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रोग्यांतही शेंकडा ५० ते ७० जणांचा रोग वर्षभरांत पुन्हां उलटतो. औषध चुकवितात, पथ्य मोडतात. रक्तदाबवाला पुन्हां आजारी पडला तर आपण त्याला म्हणत नाहीं कीं तुझें औषध फुकट गेलें, आतां घरांतून चालता हो. पुन्हां डॉक्टरकडे नेतों. दारूवाल्याला मात्र एक संधि आणि मग दार बंद!

आणि हा काळ फार जपण्याचा असतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत चोविसावा अध्याय मदात्ययाचा आहे. त्यांत सांगितलें आहे कीं ज्यानें मद्य सोडलें आहे तो एकदम पुन्हां फार प्याला, तर त्याला ध्वंसक आणि विक्षय असे दोन दुर्धर रोग होतात. आजचें शास्त्र गर्दाविषयीं नेमकें हेंच बजावतें. सोडल्यावर शरीराची सवय उतरते. मनाची आठवण मात्र जुन्या मात्रेचीच असते. तुरुंगांतून किंवा दवाखान्यांतून सुटून आलेला मनुष्य जुन्या मात्रेनें एकदांच घेतो आणि श्वास थांबून मरतो. म्हणून पडलेल्या मनुष्याला हांकलून एकटें पाडणें हें नुसतें निष्ठुर नाहीं, धोक्याचें आहे.

येथें एक पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणेल, "महाराज, सगळेंच रोगावर घातलें तर मनुष्याला जबाबदारी ती काय उरली? तो म्हणेल मी रोगी, मला पिऊं द्या." शंका रास्त आहे. तिचें उत्तरही संशोधनांतच आहे. व्हर्मॉण्ट विद्यापीठाच्या हिगिन्स यांनीं १९९० नंतरच्या दशकांत कोकेनच्या व्यसन्यांशीं एक करार केला. आठवड्यांत ठरल्या दिवशीं लघवी तपासावयाची; स्वच्छ लागली कीं हातोहात एक चिठ्ठी, जिच्यावर उपयोगाची वस्तु मिळेल; सलग स्वच्छ लागली तर चिठ्ठीची किंमत वाढती; चुकला कीं पुन्हां पहिल्यापासून. एवढ्यानें पुष्कळजण महिनोन् महिने दूर राहिले. जो पूर्ण परतंत्र आहे तो चिठ्ठीसाठीं थांबेल कसा? म्हणजे निवड करण्याची शक्ति मेलेली नसते, दुबळी झालेली असते. दूरचें मोठें फळ तिला दिसत नाहीं. जवळचें लहान फळ दिसतें. 'सुधारलास तर म्हातारपण चांगलें जाईल' हें त्याला ऐकूं येत नाहीं. 'आज न पितां आलास, ये, आज टाळ तूं घे' हें ऐकूं येतें.

आतां आम्हां कीर्तनकारांच्या वर्मावर बोट ठेवणारें संशोधन सांगतों. मिलर नांवाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. दारुड्याला तोंडावर फटकारावें, त्याचा अहंकार मोडावा, मग तो सुधारतो, अशी त्यांच्या देशांत त्या वेळीं उपचाराची रीत होती. मिलर यांनीं १९८३ पासून उलट पद्धति मांडली : त्याला विचारावें, ऐकावें, आणि दारू सोडण्याचीं कारणें त्याच्या स्वतःच्या तोंडून निघूं द्यावीं. १९९३ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या. उपचार करणारा जितका अधिक तोंडावर खोडून काढी, तितका तो मनुष्य वर्षानंतर अधिक पितांना आढळला. माणसाला कोपऱ्यांत दाबलें कीं तो आपल्या दारूची वकिली करूं लागतो; आणि मनुष्य जें स्वतःच्या तोंडानें बोलतो त्यावर त्याचाच विश्वास बसत जातो.

कीर्तनांत दारुड्याची नक्कल केली कीं मंडप हंसतो. जो पीत नाहीं तो हंसतो, आणि ज्याच्यासाठीं ती नक्कल असते तो मागच्या रांगेंतून उठून जातो. मला वाटतें, नक्कल एक वेळ करावी, पण कीर्तन संपल्यावर त्याला बाजूला घेऊन 'तुला स्वतःला यांत काय नको झालें आहे?' एवढें विचारावें आणि मग गप्प बसून ऐकावें. हें बोलण्यापेक्षां कठीण आहे, आमच्यासारख्यांना तर फारच.

संगतीविषयीं आपणांस सांगणें म्हणजे गंगेच्या कांठीं पाणी विकणें. तरी एक गोष्ट सांगतों. १९३५ सालीं अमेरिकेंतील अॅक्रन गांवीं बिल विल्सन नांवाचा एक दलाल कामासाठीं आला होता. काम फसलें. दारू सोडून थोडेच महिने झाले होते; ओढ उठली. त्यानें ओळखलें कीं आतां मला दुसरा दारुडाच वांचवील. चौकशी करून तो बॉब स्मिथ नांवाच्या एका पिणाऱ्या शस्त्रवैद्याला भेटला, आणि दोघे बोलत बसले. त्यांतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही मंडळी निघाली. तिला वर्गणीची सक्ति नाहीं, नांव विचारीत नाहींत, आणि ईश्वराची ज्याची जशी समजूत तशी त्यानें धरावी. पुष्कळ वर्षें विद्वान मंडळी म्हणत कीं याला शास्त्रीय आधार नाहीं. २०२० सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून अहवाल निघाला, कीं दारूपासून अखंड दूर राहण्याच्या कामीं ही मंडळी आणि तिच्याकडे पद्धतशीर नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे, किंबहुना सरस ठरतात. पुण्यास अनिता आणि अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें मुक्तांगण काढलें, तेथेंही दारू सोडलेलीं माणसेंच नव्या माणसाला हात देतात.

घरच्या मंडळींसाठीं एक. मेयर्स आणि मिलर यांच्या १९९९ सालच्या अभ्यासांत, व्यसनी मनुष्य दवाखान्याचें नांव काढूं देत नाहीं अशा घरांतल्या माणसांनाच शिकविलें. तो शुद्धींत असेल तेव्हां त्याच्याशीं गोड वागावें, बरोबर जेवावें, बसावें. पिऊन आला कीं भांडण न करतां बाजूला व्हावें. आणि त्याच्या पिण्याचे परिणाम, म्हणजे मालकाला खोटें सांगणें, उधारी फेडणें, हें स्वतःच्या अंगावर घेऊं नये. शेंकडा ६४ घरांतले व्यसनी यानें उपचाराला तयार झाले. हात उगारणारा असेल तर मात्र आधीं बाईनें आणि मुलांनीं सुरक्षित जागीं जावें. तेथें गोडीचा प्रश्न नाहीं.

आपल्या देशाची स्थिति पाहूं गेलें तर २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणींत सुमारें १६ कोटि लोक दारू पिणारे आढळले, आणि त्यांतले ५.७ कोटि लोक इतकें पिणारे कीं त्यांना मदतीची गरज आहे. पण दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचें निघालें. बाकीचे ३७ जण वारींत, बाजारांत, आपल्याच भावकींत आहेत.

तेव्हां दिंडीच्या व्यवस्थेंत एवढें करतां येण्यासारखें आहे. जो रोज पिणारा माळ घालूं म्हणतो त्याला वारीच्या दोन-तीन आठवडे आधीं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत घेऊन जावें, आणि 'हा किती पितो, किती वर्षें, पूर्वीं सोडतांना झटका आला होता कां' हें डॉक्टरला खरें सांगावें. वाटेंत कोणी अचानक सोडलेला निघालाच, तर पहिले चार दिवस त्याला एकटा निजूं देऊं नये; कंप, झटका, बरळणें यांपैकीं कांहीं दिसतांच १०८ ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं कोंबूं नये. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठीं सरकारचा १४४४६ हा बिनपैशाचा फोन आहे, तंबाखूसाठीं १८००-११-२३५६. हे आंकडे दिंडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, आणि वही ज्याच्याकडे असते त्याला तें पान दाखवून ठेवावें.